केसपेपरच्या खिडकीतली घंटा

“बशीरमामा क्लार्क आहेत, डॉक्टर नाहीत,” सुपरिंटेंडेंट सर म्हणाले. “उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार?”

“मी देईन, सर.”

मी आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बालरोगतज्ज्ञ. कोल्हापूर तसं जवळ, पण अत्यवस्थ बाळाला ते लांबच पडतं. आदल्या आठवड्यात एक तान्हं मूल आमच्या रांगेतच दगावलं. आई तासभर केसपेपरच्या खिडकीसमोर उभी होती. बाळ झोपलंय असं तिला वाटलं. इतरांची पोरं रडत होती, म्हणून तिनं आपणहून त्यांना पुढं जाऊ दिलं. आमच्याकडं ज्याचा आवाज मोठा, त्याचा नंबर आधी. मी वीस पावलांवर सर्दी-खोकला तपासत बसले होते. त्याची लाज मला अजून वाटते.

मला नवं मशिन नको होतं. ट्रायाज हवं होतं, म्हणजे रांग न बघता कोणाला आधी घ्यायचं ते ठरवणं. आणि दवाखान्यात आलेलं मूल सगळ्यात आधी कोण बघतं? डॉक्टर नव्हे, सिस्टरही नव्हे. केसपेपर काढणारे बशीरमामा.

त्यांना मी तीनच गोष्टी शिकवल्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का? हातपाय गार आहेत का? हाक मारली तर मूल बघतंय का? काहीही वावगं दिसलं की घंटा वाजवायची, कागद नंतर. घंटा मी जोतिबाच्या एका दुकानातून आणली. सरांनी तोंड वाकडं केलं, पण महिनाभराची परवानगी दिली. दर थोड्या वेळानं रांगेतून फेरी मारायची, ही कल्पना मात्र मामांची.

तीन आठवडे घंटा गप्प. सर रोज विचारायचे, “वाजली का?”

मग एका सोमवारी, ओपीडी खच्चून भरलेली असताना वाजली. मी बाहेर धावले. मामा दुपट्यातलं बाळ हातावर घेऊन येत होते, मागं त्याची आई. मध्येच एक गडी आडवा आला. त्याचा मुलगा गुडघा फुटला म्हणून बोंबलत होता.

“आमचा नंबर हाय की. माझं पोरगं रडाय लागलंय, आन् हे तर निजलंय.”

“रडतंय म्हंजे दम हाय की त्यात,” मामा म्हणाले. “सरका पावणं.”

जुलाबानं बाळाच्या अंगातलं पाणी संपत आलं होतं. शीर सापडेना. अशा वेळी शोधत बसायचं नसतं, गुडघ्याखालच्या हाडात सुई घालून सलाईन देतात. बघणाऱ्याला भयंकर वाटतं, पण हात बसला की मिनिटाचं काम. माझा हात बसलेला आहे. सिरिंजनं सलाईन ढकलत गेले, सिस्टर नाडी बघत राहिली. अर्ध्या तासानं बाळ बारीक आवाजात रडलं. मलाही रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तो गडी दारातून सगळं बघत होता. “बाई, आमचं सावकाश बघा,” तो हळूच म्हणाला.

सर आले. “केसपेपर?”

“आता काढतोय की, सर,” मामा म्हणाले.

महिना संपला, पण घंटा काढायचं सरांनी नाव घेतलं नाही. मी मात्र एक गोष्ट शिकले. इमर्जन्सी वॉर्डात सुरू होत नाही, खिडकीशी सुरू होते.

पाच महिन्यांनी जुलाबाच्या त्या बाळाला घेऊन त्याची आई लसीकरणाला आली. पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला होता. ती खिडकीशी गेली. “मामा, लई रडतंय. आधी घेता काय?”

बशीरमामांनी वाकून त्याच्याकडं नीट बघितलं.

“झ्याक हाय त्ये. नंबरानं ये.”