गच्चीवरचं रान

शेत विकलं तेव्हा बाबांनी तिथली पाच पोती काळी माती भरून शहरात माझ्या तारनाक्याच्या घरी आणली. आम्ही भावंडं सगळी नोकरदार, गावात रान कसायला कुणी उरलं नव्हतं. गच्चीवर विटांचा उंच वाफा बांधून घेतला आणि ती माती त्यात ओतली. त्यानंतर बाबांनी शेतीचं नाव काढलं नाही.

तो वाफा म्हणजे माझं सोवळं. त्यात दुसरी माती मी चिमूटभरही पडू दिली नाही. आमच्या रानाला कशाची कमी, हा अस्सल मराठवाडी ताठा! पहिली दोन वर्षं वांगी बरी आली. यंदा मे महिन्यात जुनी झाडं उपटली, तर मुळं जेमतेम मुठीएवढी आणि माती अशी आवळलेली की खुरपं शिरेना. पाणी घातलं की चिखल, ऊन लागलं की भेगा.

"टाकून दे, नर्सरीतून तयार माती आणू," नवरा म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले आणि जिन्यात बसून रडले. बाबांनी विश्वासाने सोपवलेली एवढी एकच गोष्ट, तीही मला सांभाळता आली नाही.

खालच्या मजल्यावरच्या आपा मिरच्या वाळत घालायला वर आल्या होत्या. त्यांनी एक ढेकूळ उचलून दाबून पाहिलं.

"अकेलीच काली मिट्टी पत्थर हो जाती मा. फेंकना नक्को, मिलाव."

मिसळायला मन धजेना, पण दुसरा उपायही नव्हता. ढेकळं फोडली, आठवडाभर ऊन दिलं. आपांनी आपल्या कुंड्यांतली लाल माती दिली, पिंपात कुजवलेलं पानांचं खत दिलं, वर स्वतः पदर खोचून कालवायला बसल्या. मी शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घातली. वाळका पाला अंथरून रोज पाणी शिंपडत राहिले. त्या बाईंचे आभार कसे मानावेत, मला आजही कळत नाही.

महिन्याभराने बाबा आले ते तडक गच्चीवर. माझी पाचावर धारण बसली. त्यांनी पाला सारून मूठभर माती घेतली. काळ्यात तांबडे कण लख्ख दिसत होते.

"बाबा, मी त्यात भेसळ केली," मी कबूल करून टाकलं.

"भेसळ कशाची?" ते हसले. "रानाची माती तरी कुठं एकटी होती? दर उन्हाळ्यात तळ्याचा गाळ आणून टाकायचो की. त्या गाळावर बसून गाडीतनं कोण यायचं? तूच!"

खरंच की. गुडघ्यापर्यंत गाळ आणि आईचा ओरडा, सगळं आठवलं. नेमकं तेवढंच कशी विसरले होते, कोण जाणे.

बाबा वाफ्याच्या काठावर बसून माती बोटांतून सोडत राहिले. एक गांडूळ वर आलं, ते त्यांनी अलगद झाकलं.

"आता काय पेरतीस?"

शेत विकल्यापासून हा प्रश्न त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"तुम्ही सांगा."

"अंबाडी," ते म्हणाले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. "आण बी. मी पेरतो."