हलीमाचाचीच्या दारातला हंडा

मी गाव सोडलं त्या सकाळी माझी ओटी भरायला दोन बायका लागल्या. कुंकू आईनं लावलं. तांदूळ, नारळ आणि खण हलीमाचाचीनं घातला. चाची म्हणजे मुलाण्यांची, आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. आमच्या घरातली लेक उंबरा ओलांडून निघाली की कामाची ही वाटणी ठरलेली. लहानपणी मी तिला विचारलं होतं, तू कुंकू का नाही लावत? ती म्हणाली, "आमच्यात न्हाई लावत गं. पर तांदूळ तर समदेच खात्यात का न्हाई?" आमच्या दोन घरांपुरता धर्माचा प्रश्न तिथंच निकालात निघाला होता.

चाचीच्या मुलानं, सलीमनं जीपमधून आळेफाट्याला सोडलं. माझा धाकटा भाऊ दत्ता मोठ्या माणसासारखा बॅग धरून मागं बसला होता. आई रडली नाही. दोघींच्या वाटचं चाचीच रडून घेत होती. बस लागली तेव्हा आई खिडकीपाशी येऊन एवढंच म्हणाली, "तिकडं आपलं कुनी न्हाई म्हनून रडत बसू नको. तूच कुनाची तरी हो."

बोलायला सोपं होतं. माझ्यासारखे जे बाहेर पडलात त्यांना सांगायला नकोच, आणि जे गावात राहिलात त्यांना सांगून पटायचं नाही, की पहिली दोन वर्षं माणूस नुसता कामाची शिफ्ट आणि खोलीतलं हीटिंग यांच्या मध्ये जगतो. आयर्लंडमधल्या एका छोट्या गावात मी नर्स म्हणून लागले. एकदा बसस्टॉपवर उभी असताना एका गाडीतून पोरं ओरडली, घरी जा म्हणून. मी सवयीनं सॉरी म्हणाले. घरी येऊन मात्र ढसाढसा रडले, आणि रडता रडता स्वतःवर चिडले, की अगं, सॉरी कशाबद्दल?

मग एका मार्चमध्ये वॉर्डात माझ्याबरोबर काम करणारी मोरीन म्हणाली, आमच्या संत पॅट्रिकच्या सणाच्या परेडला तुम्ही भारतीय बायका का येत नाही? तुमचं जे काय वाजवायचं असेल ते घेऊन या. आम्ही मराठी बायका नऊवारीखाली थर्मल घालून, लेझीम घेऊन गेलो. वारा असा गार की लेझीम हाताला चिकटत होती आणि पदर डोक्यावरून उडून शेजारणीच्या तोंडावर जात होता. लोक दारात येऊन टाळ्या वाजवत होते. एका आजोबांनी आम्हाला थांबवून चहाचे मग आणून दिले. मी घरी येऊन आईला फोन केला, "आई, झाले गं मी कुणाची तरी." माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा सारखी आमच्या भैरवनाथाची पालखी येत होती, आणि ती जिथं थांबते ते चाचीचं दार.

चैत्रात आमच्या वाडीची जत्रा असते. पालखीचे मानकरी अनवाणी चालतात आणि चैत्रातलं ऊन आपल्याकडं कसं असतं ते तुम्ही जाणताच. देवळाचा चढ लागण्याआधी पालखी चाचीच्या दारात थांबते. चाची त्यांच्या पायांवर पाणी घालते, देवाच्या दिवटीला तेल देते, तेवढ्यात खांदे बदलतात आणि पालखी वर जाते. तिच्या सासूनंही हेच केलं होतं. पुढच्या दांडीचा मान आमच्या घराचा. आधी वडील असायचे, आता दत्ता असतो.

यंदा मी जत्रेसाठी रजा काढून आले. मनात धाकधूक होतीच. गावाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हल्ली 'आपला देव, आपला रस्ता' असलं काही काही येत होतं. पंचायतीची निवडणूक जवळ आलेली, दत्ता उभा राहणार होता आणि हे लिहिणारी पोरं त्याच्याच मागं फिरणारी. पोरं वाईट नाहीत हो. निम्म्यांच्या मोटारसायकली अजून सलीमच्याच गॅरेजात दुरुस्तीला जातात. पण कुणीतरी त्यांच्या कानात काहीतरी भरतंय, आणि कान काही त्यांना बंद करता येत नाहीत. जत्रा कमिटीनं ठरवलं की यंदा पालखी मागच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यानं जाणार. कारण काय, तर चाचीची गल्ली अरुंद आहे. इतकी वर्षं ती गल्ली पुरत होती. निवडणूक जवळ आली तशी बिचारी आकसली.

जेवताना मी दत्ताला विचारलंच, कमिटीपुढं तू का बोलला नाहीस?

"आक्का, तू तिकडं ऱ्हातीस. तुला काय म्हाईत हितं कसं चाललंय? मी बोललो तर उद्या माझाच फोटो ग्रुपवर फिरंल."

"फोटो चांगला काढाया सांग," आई म्हणाली.

तिनं त्याला भाकरी वाढली. पण त्या दिवशी 'आजून घे' म्हणाली नाही. आमच्या घरात याहून मोठं भांडण होत नाही. दत्ता ताट तसंच ठेवून उठला. मला त्याचा राग आला आणि दयाही आली. तो भित्रा नाही, पण एकटं पडण्याचं भय मी गाव सोडून शिकले आणि तो गावात, आपल्याच माणसांत राहून शिकला.

जत्रेच्या दिवशी सकाळी पाहते तर चाचीनं अंगण झाडून सडा घातलेला आणि तांब्याचा मोठा हंडा घासूनपुसून, पाण्यानं भरून दारात ठेवलेला.

"चाची, यंदा पालखी मागनं जाणार आहे गं. कळलं नाही का तुला?"

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "पर देवच वाट चुकून हिकडं आला तर? पानी भरून ठिवल्यालं बरं."

आई आणि मी पालखीमागं गेलो नाही. तिच्या ओट्यावर बसून राहिलो. हलगीचा आवाज गावाच्या मागून आला, पुढं गेला, देवळाकडं चढला. चाची सगळा वेळ हंड्याकडं बघत होती. "खांदं कुटं बदललं असतील गं त्यांनी?" ती मध्येच म्हणाली. तिची वाट टाळून गेलेल्या माणसांच्या खांद्यांची तिला काळजी. मला रडू आवरेना. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

नंतर कळलं, खांदे कुठंच बदलले नव्हते. कमिटीनं ड्रोनचं शूटिंग ठरवलं होतं, डीजेचं ठरवलं होतं. पण चाचीचं दार टाळलं की विसावाही जातो, पाणीही जातं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तापलेल्या सिमेंटवरून त्याच खांद्यांवर पालखी वर गेली.

ऊन कलता कलता दत्ता गल्लीत आला. कपाळाला गुलाल, खांदा सोललेला, पाय टाकवत नव्हता. आमच्या दोघींकडं त्यानं बघितलं नाही. चाचीच्या दारात येऊन उभा राहिला.

"चाची, पाय लई पोळल्यात. पानी घाल."

चाची उठली. तिला एकटीला हंडा उचलेना. आई उठली आणि हंड्याची दुसरी बाजू तिनं धरली. माझी ओटी भरायला लागल्या होत्या त्याच दोन बायका, आता म्हाताऱ्या झालेल्या, माझ्या भावाच्या पायांवर पाणी घालत होत्या.

"आस्सं व्हय रं," चाची म्हणाली, "येवढा उशीर करत्यात?"

दत्ता खाली मान घालून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. मागून पालखीचे आणखी दोघं मानकरी आले आणि भिंतीपाशी थांबले. बाकीचे आले नाहीत. गल्लीच्या तोंडाशी एकानं मोबाईल वर केला होता, तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. दत्तानंही पाहिला. तो हलला नाही. संध्याकाळी फोटो ग्रुपवर आला, खाली नको नको ते लिहिलेलं. दत्तानं एवढंच उत्तर दिलं: "पाय माझे आहेत."

तो निवडून येईल का, मला माहीत नाही. पुढच्या वर्षीचा रस्ता अजून ठरलेला नाही. एका हंड्यानं गावाचं डोकं थंड होत नाही, एवढं मलाही कळतं. पण आशा धरायला मला तेवढं पाणी पुरलं.

निघताना दोघींनी पुन्हा माझी ओटी भरली. आईचं कुंकू जरा तिरकं लागलं. ते तांदूळ मी इथं आयर्लंडला परत आल्यावर मोरीनला बोलावून खिचडीत घातले. तिनं विचारलं, इतकी वर्षं झाली, आता तुझं घर कुठलं? मी म्हटलं, जिथं कुणी माझ्यासाठी दारात येतं, ते. तुझंही त्यात आलं. तिला ते आवडलं.

काल आईचा फोन आला होता. जत्रेची भांडीकुंडी सगळ्यांनी माळ्यावर टाकली म्हणे. मी विचारलं, आणि चाचीनं?

"तिचा हंडा दारातच हाय," आई म्हणाली. "रोज भरती."