माझं सुख आणि आईची प्रार्थना

लहानपणी शाळेतून आल्यावर घरात कुणी दिसलं नाही, की मी दप्तर टाकून आमच्या चर्चच्या पाळकांच्या घराकडे पळत सुटायचे. आम्ही भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचो. पप्पा गार्ड होते, त्यांच्या येण्याजाण्याला वेळ नव्हती. आई भाजीला गेलेली असायची, नाहीतर धाकटीला घेऊन दवाखान्यात. पण आमच्या मंडळीत शिकवलेलं होतं, की प्रभू एक दिवस अचानक येईल आणि विश्वासणाऱ्यांना उचलून नेईल, बाकीचे मागे राहतील. रिकामं घर दिसलं की मला वाटायचं, झालं, सगळे गेले आणि मी राहिले. पाळकांची बायको अंगणात कपडे वाळत घालताना दिसली की जिवात जीव यायचा. ती तर नक्की वर जाणार होती. ती अजून इथं आहे, म्हणजे काही झालेलं नाही.

आईला हे कधी कळलं नाही. कळलं असतं तर तिनं मला पोटाशी धरलं असतं. ती कुणाला घाबरवणारी बाई नव्हती. पप्पा ड्यूटीवर निघाले की ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची, आणि पप्पा टोपी हातात घेऊन लहान मुलासारखे मान खाली घालून उभे राहायचे.

आमच्या शेजारी एक अक्का राहायच्या. त्यांचा रोजचा देवपूजेचा तांब्याचा गडवा आमच्या भिंतीपलीकडे वाजायचा. आईला टायफॉइड झाला तेव्हा आम्हा दोघी बहिणींना त्यांनीच जेवू घातलं, वेण्या घातल्या. त्या गेल्या तेव्हा मी पाचवी-सहावीत असेन. मी आईला विचारलं, "अक्का कुठं गेल्या?" आई रडायला लागली आणि म्हणाली, "आपण त्यांना प्रभूबद्दल सांगायला हवं होतं गं." एवढंच. आईला आयुष्यभर वाटत राहिलं, की अक्कांचं तारण झालं नाही ते आपल्यामुळे. आणि माझ्या मनात कुठंतरी पहिल्यांदा आलं, की ज्या देवाला अक्का चालत नाहीत, त्याच्याकडे जाऊन मी काय करू?

तरी मी पुढं कितीतरी वर्षं विश्वासात राहिले. शिकले, जळगावला केळीची रोपं तयार करणाऱ्या लॅबमध्ये नोकरी लागली, लग्न केलं नाही, दर रविवारी उपासनेला गेले. पप्पा वारले तेव्हा सगळ्यांबरोबर मीही म्हटलं, की पुन्हा भेटू. त्या वेळी ते मला खरंच वाटत होतं.

विश्वास माझ्या हातून हळूहळू सुटला. कुणाशी भांडण झालं नाही, कुणी मला पुस्तकं दिली नाहीत. एकदा संध्याकाळी जेवायला बसले, डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, आणि मधेच थांबले. मी एकटीच बोलत होते. पलीकडे कुणी नव्हतं, आणि हे मला बऱ्याच दिवसांपासून माहीत होतं. मी डोळे उघडले आणि गार झालेली वरणपोळी खाल्ली.

आधी भीती वाटली. मग ती भीतीही गेली. एकदा उन्हाळ्यात दुपारी कामावरून लवकर घरी आले. आमची सगळी बिल्डिंग शांत होती, जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मी कुलूप उघडून आत गेले, पंखा लावला, माठातलं पाणी प्यायले, आणि मग लक्षात आलं, की छातीत काही धडधडलं नाही. इतकी वर्षं प्रत्येक रिकाम्या घरात धडधडायचं. मी तशीच जमिनीवर आडवी झाले आणि एकटीच हसत राहिले.

लॅबमधल्या एका बाईंना कळलं की मी चर्चला जात नाही. त्या हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "बरं झालं, आपल्यात परत आलात तुम्ही."

मी म्हटलं, "परत नाही आले हो. मी कुठलाच देव मानत नाही."

त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "तरी या. पोहे आहेत." मी गेले.

आईला सांगणं मात्र सोपं नव्हतं. पप्पांनंतर ती धुळ्याला धाकटीकडे राहत होती. मी एका शनिवारी गेले. बहीण बाजारात गेली होती. आई पलंगावर पाय सोडून बसली होती. मी सगळं सांगितलं, जमेल तेवढं हळुवारपणे. ती रागावली नाही. तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "मी वर गेले, आणि तुझ्या पप्पांनी विचारलं, मोठी कुठंय, तर मी काय सांगू?"

तिथून पुढं आमच्या फोनची एक रीत पडली. इकडचं तिकडचं बोलून झालं की आई फोनवरच माझ्यासाठी प्रार्थना करायची. मी ऐकून घ्यायचे. शेवटी ती थांबायची. मी आमेन म्हणेन म्हणून थांबायची. मी म्हणायचे, "आई, औषध घेतलंस का?" मग ती हो म्हणायची आणि फोन ठेवायची.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती माझ्याकडे जळगावला आली. एवढे दिवस फक्त आम्ही दोघीच कधी राहिलो नव्हतो. मी तिच्या डोळ्यांत थेंब घालायचे, भाकरीचा काला करून भरवायचे. रविवारी सकाळी आमच्या मजल्यावरच्या दोघी माझ्याकडे आल्या, नेहमीसारख्या. एक नर्स आहे, एक रिटायर्ड शिक्षिका. आम्ही वांगी भाजली, भरीत केलं, मिरच्यांच्या ठेच्यानं तिघींच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि आम्ही हसून हसून खाली बसलो. कुणीतरी जुनं सिनेमाचं गाणं सुरू केलं, मीही त्यात आवाज मिळवला. आई काळा चष्मा लावून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सगळं बघत होती. ती आमच्याबरोबर जेवली, त्या दोघींशी छान बोलली.

त्या गेल्यावर मी ओटा पुसत होते. आई म्हणाली, "तू सुखात आहेस."

मी म्हटलं, "हो आई. खरंच आहे."

"मला वाटलं होतं, तू झुरत असशील. दुःखात असतीस ना, तर मला आशा होती. दुःखातल्या माणसाला देव परत बोलावतो. तू तर हसतेस गं. तुला आता कोण बोलावणार?"

मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिला ऑपरेशनमुळे रडायची मनाई होती. मी सारखी म्हणत होते, "आई, रडू नकोस, डोळ्याला त्रास होईल." इतकी वर्षं मी समजत होते, की मी आनंदात आहे हे एकदा आईनं डोळ्यांनी पाहिलं, की तिची काळजी मिटेल. आणि तिला सगळ्यात जास्त दुखलं ते नेमकं त्यानंच.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. धुळ्याच्या दवाखान्यात होती. शेवटच्या दिवशी दुपारी तिला थोडं बरं वाटत होतं. एका बाजूला धाकटी, एका बाजूला मी. आईनं अगदी बारीक आवाजात प्रार्थना केली, आम्हा दोघींची नावं घेतली, आणि थांबली. धाकटी मोठ्यानं आमेन म्हणाली. आई माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द होता. तो माझ्या ओठांवर आला होता. पण मी तो खोटा म्हणाले असते तर तिला लगेच कळलं असतं. माझं खोटं तिला नेहमीच कळायचं. मी तिचा हात गालाशी धरला आणि म्हटलं, "आई, मी इथं आहे." तिनं डोळे मिटून घेतले.

दफनाला मंडळीतले खूप लोक आले होते. सगळे एकमेकांना सांगत होते, की ती पुढं गेली आहे, आपण मागून जाऊ. मातीची मूठ टाकताना मला ते म्हणता आलं नाही. माझी आई कुठंही पुढं गेली नव्हती. ती संपली होती. तिचा आवाज, थेंब घालताना घट्ट मिटणारे डोळे, सगळं संपलं होतं. धाकटी माझ्याजवळ आली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, कीवच होती. "ताई, तू रड. आम्हाला ती भेटणार आहे. तुला नाही."

जळगावच्या एसटीत बसले आणि पारोळा येईपर्यंत स्वतःला आवरलं. मग आवरता आलं नाही. शेजारी गावाकडची एक म्हातारी बाई होती, मांडीवर कापडी पिशवी. तिनं विचारलं, "कोणी गयं का माय घरनं?"

"आई," मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला. "रडी ले. बठ्ठं रडी ले. मी शे आठे." सगळं रडून घे, मी आहे इथं, असं म्हणत एरंडोलला उतरेपर्यंत तिनं तो हात सोडला नाही. देवाचं नाव तिनं एकदाही घेतलं नाही.

त्यानंतर पाचसहा महिन्यांनी लॅबमध्ये रोपांची एक बॅच साधली, जी आधी दोनदा बुरशी लागून गेली होती. काचेच्या बाटल्यांतून हिरवी हिरवी पानं वर आली होती. मी आनंदानं ओरडलेच. सगळ्यांना बोलावून दाखवलं, चहा मागवला. संध्याकाळी घरी चालत येताना मी गुणगुणत होते, आणि फाटकाशी थांबले. आईला वाईट वाटेल, असं सवयीनं मनात आलं. मग लक्षात आलं, की आता माझ्या आनंदानं कुणालाच वाईट वाटणार नाही. मी कितीही हसले तरी चालणार होतं.

मी वर गेले, दार लावलं, आणि आई गेली त्या दिवशीही रडले नव्हते इतकी रडले. नर्सबाईंनी आवाज ऐकून दार वाजवलं. त्यांनी आत येऊन खिचडी टाकली.