ट्रॉलीमामांनी बदललेली पट्टी

ट्रॉलीमामांना खऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नसत. सव्वीस वर्षं त्यांनी आमच्या दवाखान्यात ट्रॉली ढकलली. कुठल्या वळणावर फरशी उचकटलीय, लिफ्टच्या उंबऱ्यावर चाक किती तिरकं घेतलं म्हणजे मोडलेल्या हाडाला हिसका बसत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. मी केसपेपरच्या खिडकीत बसायचो. जाता-येता ते माझ्यावर एखादी टवाळी फेकायचे. "क्लार्कसाहेब, जरा भरभर लिहा. तुमचं नाव लिहून होईस्तोवर पेशंट बरा होऊन घरी जातो."

अपघात विभागाच्या मोठ्या सिस्टर दर तीन महिन्यांनी आम्हा सगळ्यांना सरावाला उभं करत. एकदम पन्नास-साठ जखमी आले तर काय, याचा सराव. दारातच प्रत्येकाच्या मनगटावर कापडी पट्टी बांधायची. लाल म्हणजे आत्ता हात लावला नाही तर माणूस जाईल. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकेल. हिरवी म्हणजे चालता-बोलता, त्याने बाहेरच्या लांब भिंतीपाशी बसायचं. आणि काळी म्हणजे गेलेला, किंवा आपल्या हाताबाहेरचा. टेलिफोनवरच्या ऑपरेटरबाईंनी सुट्टीवरच्या डॉक्टरांना बोलवायचं, रक्तपेढीला कळवायचं, शहरातल्या दुसऱ्या दोन दवाखान्यांत किती खाटा रिकाम्या आहेत ते विचारून फळ्यावर लिहायचं. सरावात स्वयंपाकघरातला आचारी काळी पट्टी बांधून पडायचा आणि खरोखर घोरायला लागायचा. हसून हसून आमची पुरेवाट व्हायची. सिस्टर मात्र हसत नसत. "एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा," त्या म्हणायच्या. "पट्टी बांधायची आणि बदलायची ती फक्त मी किंवा डॉक्टरांनी. बाकी कोणी तिला बोट लावायचं नाही. नाहीतर जो तो आपल्या माणसाला लाल करून घेईल."

यावर सगळ्यात जोरात मान हलवायचे ते मामा.

त्या दिवशी सकाळी पावणेअकराला माझ्या खिडकीची काच थरथरली आणि मग आवाज आला. कापडाचे रंग बनवणारा कारखाना दोन मैलांवर होता, तरी टेबलावरचा चहा सांडला. मामा माझ्या खिडकीशीच ट्रॉली घेऊन उभे होते. त्यांचे जावई त्याच कारखान्यात, रंगाची पूड पोत्यांत भरायच्या खात्यात होते.

"मामा, फोन करून बघा," मी म्हणालो.

"कोण उचलणार तिथे?" असं म्हणून त्यांनी ट्रॉली दाराकडे वळवली.

वीस मिनिटांत पहिला टेम्पो आला. त्यात माणसं पोत्यांसारखी एकावर एक टाकलेली होती. खालच्यांचा श्वास वरच्यांनीच कोंडला होता. एकाचा हात कोपरापासून नव्हता आणि दुसऱ्या हाताने तो ती जागा घट्ट दाबून बसला होता. एकाच्या पाठीची कातडी शर्टासकट सोलून निघाली. सगळ्यांच्या अंगावर रंगाची पूड होती. निळी, पिवळी, जांभळी. त्यावर रक्त सांडून चिखल झालेला. कोण म्हातारा, कोण तरुण, काही ओळखू येत नव्हतं. सिस्टर पायरीवर उभ्या राहून पट्ट्या बांधत होत्या, लाल, लाल, पिवळी, काळी, आणि मामा लाल पट्टीवाल्यांना आत पोचवून रिकामी ट्रॉली घेऊन धावत परत येत होते. फरशी इतकी निसरडी झाली होती की दोनदा ते गुडघ्यावर आपटले.

तिसऱ्या खेपेला रिक्षातून जावई उतरले. स्वतःच्या पायांनी. डोक्यापासून छातीपर्यंत निळेशार.

"मामा! बरं झालं तुम्ही भेटलात. कान नुसता गुणगुणतोय. आणि छातीत जरा..."

सिस्टरनी नाडी बघितली, दोन प्रश्न विचारले, हिरवी पट्टी बांधली. मामांचा जीव भांड्यात पडला.

"जावईबापू, त्या भिंतीपाशी बसा."

"अहो, पण मला जरा आत घ्या ना. तुम्ही इथलेच आहात."

"म्हणूनच सांगतोय, भिंतीपाशी बसा."

जावई तोंड पाडून गेले. तिथे आधीच पंधरा-वीस जण बसले होते.

साडेअकराच्या सुमारास कारखान्यातल्या कामगारांचा एक जमाव आपल्या मुकादमाला खांद्यावर घालून आला. मुकादम वाटेतच गेला होता. सिस्टरनी डोळ्यांवर बॅटरी मारली आणि काळी पट्टी बांधली. मग एकजण ओरडला, "हात न लावता मेला म्हणता?" आणि भडका उडाला. पहिली वीट दाराच्या काचेवर बसली. एका शिकाऊ डॉक्टरला त्यांनी केसांना धरून पायरीवरून खाली ओढलं आणि लाथांनी तुडवलं. त्याचे दात मी डोळ्यांनी जमिनीवर पाहिले. मामांनी ट्रॉली दारात आडवी घातली. कोणीतरी सलाईनचा लोखंडी स्टँड उचलून त्यांच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला खिडकीत ऐकू आला. दुसरा फटका कानावर बसला. आचारी, झाडूवाले, रखवालदार धावले. ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन. आचाऱ्याने मोठ्या झाऱ्याने एकाचं मनगट मोडलं. आत ऑपरेशनं चालू होती आणि दारात माणसं एकमेकांचे गळे दाबत होती.

त्या गदारोळात सिस्टरना दोघांनी भिंतीवर दाबून धरलं होतं. तशातही त्या मामांकडे बघून ओरडल्या, "मामा, पोर्चमध्ये बाई आहे, मांडीतून रक्त जातंय, लाल! मागच्या दाराने आणा!"

मामांचा उजवा हात लोंबत होता. डाव्या हाताने आणि पोटाने ट्रॉली ढकलत ते मागच्या दाराने निघाले. वाट हिरव्या पट्टीवाल्यांच्या भिंतीवरून जात होती.

जावई भिंतीला टेकून बसले होते. इतर कण्हत होते, शिव्या देत होते, पाणी मागत होते. जावई गप्प होते. मान एका बाजूला, गळ्याच्या शिरा तटतटून फुगलेल्या. मामा थांबले. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी जावयाच्या ओठावरचा रंग पुसला. पूड निघाली. ओठ निळाच राहिला.

"सिस्टर!" मामा ओरडले. तीनदा ओरडले. दारातल्या आरडाओरड्यात काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. दुसरा कोणी डॉक्टर बाहेर नव्हता. पोर्च तिथून तीस पावलांवर होता.

मामांनी दातांनी हिरव्या पट्टीची गाठ सोडली. आत न्यायच्या आधीच जमिनीवर मरून पडलेल्या एका माणसाच्या मनगटावरची लाल पट्टी काढली आणि जावयाला बांधली. एका हाताने त्यांना ट्रॉलीवर कसं ओढलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नाही.

आतल्या डॉक्टरांनी लाल पट्टी बघितली आणि काही विचारलं नाही. स्फोटाच्या दणक्याने फुप्फुस फाटून छातीत हवा कोंडली होती. त्यांनी बरगड्यांमध्ये जाड सुई खुपसली, फुस्सकन हवा सुटली, आणि जावयांनी श्वास घेतला. डॉक्टर म्हणाले, पाच मिनिटं उशीर झाला असता तर संपलं होतं.

मामा पोर्चमध्ये पोचले तेव्हा बाई थंड पडली होती. पायरीवरून रक्त खालपर्यंत ओघळलं होतं. तिच्या शेजारी तिच्या डब्याची पिशवी होती.

दुपारपर्यंत पोलीस आले, दंगा निवला. एकोणसत्तर जखमी आले होते, चौदा गेले. ऑपरेटरबाईंनी फळ्यावर लिहिलेल्या खाटांवर तेवीस जणांना वेळेत पाठवता आलं, म्हणून आकडा तेवढ्यावर राहिला.

पट्टीची गोष्ट कोणालाच कळली नसती. मामांनीच सिस्टरना सांगितली, खांदा प्लास्टरमध्ये असताना. मग चौकशी बसली. तिघे साहेब टेबलामागे, मी लिहून घ्यायला कोपऱ्यात.

डॉक्टरांनी मामांची बाजू घेतली. म्हणाले, त्या बाईची मोठी रक्तवाहिनी तुटली होती, ती तशीही कदाचित वाचली नसती. "कदाचित" हा शब्द मी लिहिला तेव्हा मामा माझ्या हाताकडे बघत होते.

मधल्या साहेबांनी विचारलं, "भिंतीपाशी तुमचा जावई नसता, दुसरा कोणी असता, तर तुम्ही थांबला असता का?"

मामांनी मान वर केली.

"साहेब, दुसरा असता तर मी त्याच्याकडे बघितलंच नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तोही मेला असता. आणि बाई कदाचित वाचली असती. मला एवढंच सांगता येतंय."

त्यांना ताकीद मिळाली. सिस्टर मात्र साहेबांवर चिडल्या. "चूक मामांची नाही, माझ्या आखणीची आहे," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हिरवी पट्टी बांधून माणसं भिंतीपाशी बसवली आणि पुन्हा कोणी वळून बघितलं नाही. त्यानंतर नियम झाला. भिंतीपाशी एक नर्स कायम उभी राहणार, दर दहा मिनिटांनी प्रत्येकाला तपासणार, आणि अगोदर ओल्या फडक्याने तोंड पुसणार. दाराबाहेर दोरखंड बांधून नातेवाइकांची जागा वेगळी केली, तिथे खबर द्यायला एक माणूस नेमला. शिकाऊ डॉक्टरला मारणाऱ्यांपैकी तिघे पकडले गेले. त्यातला एक माफी मागायला आला तेव्हा सिस्टरनी त्याला दारातूनच परत पाठवलं. डॉक्टरला दुसरे दात बसवले, पण तो पुन्हा आमच्याकडे कामाला आला नाही.

मामांचा खांदा नीट जुळला नाही. ट्रॉली सुटली. त्यांना भांडारात बसवलं, चादरी मोजायला. टवाळी बंद झाली. मी मुद्दाम एकदा म्हणालो, "मामा, काहीतरी बोला की." ते म्हणाले, "काय बोलू?"

जावयांना जिना चढताना धाप लागते, बाकी बरे आहेत. सगळ्यांना सांगत सुटतात, मामांनी मला मरणाच्या दारातून ओढून आणलं. ते सांगायला लागले की मामा उठून गॅलरीत जातात. अखेर एके दिवशी त्यांनी मुलीला गॅलरीत बोलावलं आणि पोर्चमधली बाई सांगितली. हे मला मामांनीच सांगितलं, निवृत्तीच्या दिवशी, माझ्या खिडकीशी उभं राहून.

"मग मुलगी काय म्हणाली?"

"आधी रडली. मग म्हणाली, बाबा, त्यांच्या घरी कोण आहे, कळलं का. मी म्हटलं, दोन मुली आहेत, मोठी कॉलेजात. तर म्हणाली, आपण जाऊ या. मी म्हटलं, जाऊन काय सांगणार? म्हणाली, खरं ते सांगू."

"गेलात?"

"गेलो. मोठी मुलगी होती घरात. उभ्या उभ्याच सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुम्ही आता जा. आणि दार लावलं." मामांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला. "बरोबर केलं पोरीने."

मग त्यांनी माझ्याकडून निवृत्तीच्या कागदावर सही कुठे करायची ते विचारून घेतलं, डाव्या हाताने सावकाश सही केली आणि घरी गेले.