शाई लावलेली गाठ

माझी धाकटी बहीण सगुणा गेली चाळीस वर्षं थळला मासळीचा धंदा करते. बंदरावर माल घेताना ती आधी माशाचा कल्ला उघडते आणि आत बोट फिरवते. शिळ्या माशाच्या कल्ल्याला लाल रंग लावून फसवणारे असतात. बोटाला रंग लागला, की त्या माणसाकडे ती पुन्हा फिरकत नाही.

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर, पण सुरुवातीचा. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी स्तन ठेवून तेवढी गाठ काढली. दहा दिवसांनी रिपोर्ट आला.

"मावशी, एका बाजूला रोग अगदी कडेपर्यंत आहे. तिथलं अजून थोडं काढावं लागेल."

"तवाच का न्हाय काढलंत?"

"डोळ्यांना दिसत नाही ना. काढलेल्या तुकड्याला आम्ही शाई लावतो, मग तपासायला..."

"रंग लावता?" सगुणा उठलीच. "दादा, चल घरी."

एसटीत ती म्हणाली, "रंग लावणारा कधी सरळ असतो का रं?" तिचंच खरं असेल असं मलाही वाटलं. त्या ऑपरेशनशिवाय पुढचा शेक, म्हणजे रेडिएशन, देता येत नव्हतं. तीन आठवडे असेच गेले. रोज वाटायचं, आज बोलावं. शेवटी एका सकाळी कसंबसं म्हणालो, "सगुणे, रंग कशाला लावतात ते विचारू तरी."

"विचारते न्हाय, पकडतेच त्यांना," ती म्हणाली.

बाईंनी तिला तपासणीच्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवला. "ही काळी रेघ म्हणजे शाई. माझा सुरा जिथून फिरला ती कड. हा जांभळा पुंजका रोगाचा. तो शाईला टेकलाय, म्हणजे आत काही राहिलं असेल."

"ह्यो तुकडा माजाच कशावरून?"

बाईंनी नाव, नंबर दाखवला.

"बाकीच्या बाजू?"

त्याही दाखवल्या. तिथे पुंजका आणि रेघ यांत मोकळी जागा होती. सगुणाने मासळीची पाटी उपसावी तशी एकेक बाजू पाहिली.

"आपलाच माल खराब हाय म्हणून सांगणारी पयल्यांदा बघितली," ती मला म्हणाली. मग बाईंकडे वळली. "काढा. पन दुसरा तुकडाबी मना दाखवायचा."

दुसऱ्या ऑपरेशननंतर बाई नवा तुकडा पडद्यावर लावून हसत म्हणाल्या, "मावशी, साफ आहे."

सगुणा हसली नाही. पडद्यापाशी गेली, काळ्या रेघेवरून सगळीकडे बोट फिरवलं आणि सवयीने बोट उलटं करून पाहिलं.

"शेक कवापासून द्यायचा?" तिने विचारलं.