समद्यांनी चांगलं म्हणलं

आमच्या ड्रायरखाली किती बी झाडा, घंटाभरात परत ढीग. फॅक्टरीतल्या किश्शांचं बी तसंच हाय. शिफ्ट सुटली की टपरीवर एकजण एक काढतो, लगेच दुसऱ्याला दुसरा आठवतो. निस्तं हसणं. पण अश्विनी मॅडमचं नाव निघालं की एकनाथ चहाचा गिलास खाली ठेवतो अन् मी उठून कन्नडच्या जीपकडं चालायला लागतो. आज बसलोय तर सांगतो.

फॅक्टरी मक्याची. स्टार्च काढून घ्यायचा, उरलेलं साल पिळून वाळवायचं अन् जनावराचं खाद्य म्हणून पोत्यात भरायचं. वाळवायच्या ड्रायरवर मी अन् एकनाथ. एक दिवस मोठ्या साहेबानं मह्या लेकीच्या वयाची एक पोरगी आणून उभी केली.

ती म्हणली, "काका, हे साल म्हणजे फायबर. पोटाला चांगलं, शुगरवाल्यांना चांगलं. बारीक दळून याची बिस्किटं करायची. माणसांसाठी."

एकनाथ म्हणला, "मॅडम, माणसं हे खायला लागली, तर म्हशींनी काय बिस्किटं खायची व्हय?"

पोरगी खळखळून हसली. साहेब नाय हसला. दिवाळीपर्यंत माल खपला तर ठीक, नाय तर ड्रायर परत जनावरांच्या खाद्याला अन् मॅडम घरी, असं त्यानं आमच्यासमोरच सांगितलं.

*

दुसऱ्या दिवसापासून टोप्या, हातमोजे, तोंडाला फडकं. महं डोकंच फिरलं. काल-परवापर्यंत ह्याच सालात आम्ही चपला घालून फिरत होतो!

एकनाथ पार टकला. तो टोपी हातात घेऊन म्हणला, "मॅडम, मह्या डोक्यावरून काय गळणार हाय?"

मॅडम म्हणली, "भुवया आहेत ना."

त्या दिवसापासून एकनाथ टोपी डोळ्यावर ओढून काम करायचा. दोनदा खांबाला धडकला.

*

पुंडलिकनगरात मॅडमची भाड्याची खोली. तिथं पहाटं उठून बिस्किटं भाजायची अन् डब्यात घेऊन यायची. कँटीनच्या टेबलावर दोन गिलास ठेवायची. चांगलं लागलं तर मक्याचा दाणा ह्या गिलासात, नाय तर त्या.

पहिल्या दिवशी समदे दाणे चांगल्याच्या गिलासात. मी चावलं, तर घशात भुसा अडकल्यावानी झालं. मी दाणा दुसऱ्या गिलासात आपटला अन् म्हणलं, "हे म्हशीलाच द्या."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. एकनाथनं टेबलाखालून लाथ घातली. सुपरवायझर म्हणला, "मॅडम, ह्यांना उद्यापासून बसवू नका, ह्यांची जीभच तिखट हाय." मॅडमनं मान हलवली. मंग मी ड्रायरवर एकटा अन् बाकीचे बिस्किटं खायला.

*

गेटाबाहेर पाहतो तर एकनाथच्या खिशात तीच बिस्किटं.

"काहून रे, लई चांगली होती ना?"

"शेळीला नेतोय. काल बी नेली होती."

"खाल्ली का तिनं?"

"खाल्ली की. मंग रातभर पाण्याच्या हौदापाशीच उभी होती."

मी म्हणलं, "मंग सांग की मॅडमला." तर मह्यावरच डाफरला. "पोरगी पहाटं उठून करून आणती, हातानं वाढती. वाढलेल्याला नाव ठेवायचं? तुह्या घरी हेच शिकवलं का?"

*

मह्या घरी बी हेच शिकवलेलं निघालं. मॅडमनं भाकरीच्या पिठात मिसळायला दळलेल्या सालाची पुडी दिली होती. बायकोनं थापली, तर तव्यावर भाकरीचे चार देश झाले. आठवडी बाजारच्या दिवशी मॅडम एसटीनं कन्नडला आमच्या घरी आली. खाली पाटावर बसून इचारती, "काकू, भाकरी कशी झाली?"

बायको म्हणली, "लई मऊ झाली बाई. ह्यांनी दोन जास्त खाल्ल्या."

मी तोंड उघडलं, तर बायकोनं असं पाहिलं की मी गोठ्यात जाऊन बसलो. तिथून पोरीचं हसणं ऐकू येत होतं.

*

बिस्किटांचे पुडे बाजारात गेले अन् खोकेच्या खोके परत आले. आमचा ड्रायव्हर फर्दापूरला हॉटेलांत माल टाकून आला, तो सांगत होता, लेण्याजवळ एका माकडानं बाईच्या हातातून पुडा हिसकला, एक बिस्किट चावलं अन् पुडा तिच्याच मांडीवर ठेवून गेलं.

टपरीवर लोक पोट धरून हसले. तेवढ्यात पाहिलं, मागं मॅडम उभी.

साहेबाच्या केबिनमधून आली होती. म्हणली, "साहेब विचारतात, तुझ्या माणसांनी तर सगळ्यांनी चांगलं म्हटलं होतं ना? म्हटलं होतं ना, एकनाथकाका?"

एकनाथ चपलेकडं पाहत राह्यला.

मंग मह्याकडं वळली. "तुम्ही एकटेच खरं बोललात. अन् तुम्हालाच मी टेबलावरून उठवलं."

मला लई बोलायचं होतं. समद्यांना शिव्या घालायच्या होत्या. ती गेल्यावर घातल्या.

*

दिवाळी झाली. सोमवारपासून ड्रायर परत खाद्याला लागणार होता. शनिवारी मॅडम डबा घेऊन आली. पीठ अजून बारीक दळलं होतं, तुपात भाजलं होतं, गूळ अन् ज्वारी घातली होती. समद्यांना वाटलं. समदे म्हणले, "लई चांगलं झालं, मॅडम." ती नुस्ती हो हो करत पुढं सरकत होती.

शेवटी मह्यापाशी आली. मी एक तोंडात टाकलं. घशात काय अडकलं नाय. खरपूस, खुसखुशीत. न इचारता दुसरं उचललं, मंग तिसरं.

तिच्याशी आजवर मी धड बोललो नव्हतो. त्या दिवशी महा आवाज मलाच वळखू येईना.

म्हणलं, "पोरी, चांगलं झालंय. लई चांगलं झालंय."

तिनं मह्याकडं पाह्यलं. मंग हळूच डब्याला झाकण लावलं.

"काका," ती म्हणली, "तुम्ही पण?"