तिसरी आडवी रेघ

अरुणाबाई पळसुले नवऱ्यामागोमाग कॅनडात एडमंटनला आल्या आणि एका तेल कंपनीत पाइपलाइनचे नकाशे काढू लागल्या. पुढे कॉम्प्युटर आले, निवृत्ती आली, नवरा गेला, आणि ड्रॉइंगची पेनं ड्रॉवरमध्ये जाऊन पडली. ती पुन्हा बाहेर काढायला लावली गौरांगीनं.

शेजारच्या मृणालिनीची ही मुलगी युनिव्हर्सिटीत रेटिकवर संशोधन करत होती. रोमन लोक पोचण्याआधी आल्प्सच्या डोंगरांत राहणारे लोक ही भाषा बोलत. तिथल्या कपारींतल्या खडकांवर कोरलेली तिची अक्षरं वाचता येतात. अर्थ मात्र फारसा लागत नाही.

"सॉफ्टवेअर दगडाची प्रत्येक भेगसुद्धा रेखाटतं, मावशी," गौरांगी म्हणाली होती. "मला कोरलेलंच तेवढं हवंय."

तेव्हापासून अरुणाबाईंचं डायनिंग टेबल खडकांच्या फोटोंनी भरलं. फोटोवर पारदर्शक फिल्म ठेवून त्या शाईनं अक्षरं उतरवत. मराठी मंडळात कुणी वेळ कसा जातो विचारलं, तर ऐटीत सांगत, "पुस्तक चाललंय आमचं."

हिवाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. अरुणाबाईंनी ऑपरेशन पुढे ढकललं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. गौरांगीचं ह्या अक्षरांवरचं पुस्तक लवकरच छापायला जायचं होतं. हात थांबला तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि गेलेलं काम परत येत नाही, हे त्यांनी ऑफिसात पाहिलं होतं.

एका शनिवारी गौरांगी बुटांवरचा बर्फ झटकून आत आली ती थेट फिल्मवर वाकली.

"मावशी, ह्या अक्षराला तीन आडव्या रेघा?"

"तीनच आहेत."

"थर्ड वन मला शॅडो वाटतेय."

"तुझ्या जन्माआधीपासून रेघा काढतेय मी."

"माहितेय. दिवाळीला आईची रांगोळी तू दोनदा पुसायला लावली होतीस."

अरुणाबाई हसल्या नाहीत. गौरांगीनं त्याच खडकाचा, दुसऱ्या बाजूनं उजेड टाकून काढलेला फोटो लॅपटॉपवर लावला. अरुणाबाईंनी चष्मा पुसला. एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. उजव्या डोळ्याला सगळंच धुकट होतं. त्यातल्या त्यात बऱ्या डाव्या डोळ्याला दोनच रेघा दिसल्या.

"कधीपासून असं होतंय?" गौरांगीनं हळूच विचारलं.

"ऑक्टोबरपासून. थँक्सगिव्हिंग झाल्यापासून."

"आणि तू ड्राइव्ह करतेयस?"

"ग्रोसरीपुरतं."

अरुणाबाईंनी ब्लेड उचललं. चुकलेली शाई फिल्मवरून खरवडायला हात अगदी हलका लागतो. पात्याचं टोक रेघेशी नेलं, आणि ते नेमकं कुठे टेकलंय हे त्यांना दिसेना. मग त्यांनी ब्लेड गौरांगीपुढे धरलं.

"तू खरवड."

"मी?"

"पातं आडवं धर. अगं, बटाटा सोलतेयस का? हलक्या हातानं."

रेघ हळूहळू निघाली. फिल्मवर जरासा ओरखडा राहिला.

"बाकीच्या शीट्स तू काढ," अरुणाबाई म्हणाल्या. "मी शेजारी बसून सांगेन."

"सांगशील की ओरडशील?"

"ऑपरेशनला नेलंस तर सांगेन."